इंजिन बदललंत, आता हीटर कोर सांभाळा

इंजिन स्वॅपचं काम चालू असताना फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) बाहेर आलेल्या हीटरच्या दोन नळ्या बघून गॅरेजात कोणी ना कोणी म्हणतोच, ‘ह्यां बंद करून टाक, हंयसर हीटर लावता कोण?’ म्हणणाऱ्याचं अगदीच चुकतं असं नाही. मालवण-रत्नागिरीकडे थंडीसाठी हीटर लावायची वेळ क्वचितच येते. पण जुलैत येते. वजन कमी करायला एसी काढलेली गाडी, आत भिजलेली चार माणसं, बाहेर आंबोलीचं धुकं आणि समोरची काच आतून पांढरी. तेव्हा काच साफ ठेवायला हीटरची गरम, कोरडी हवाच काय ती उरते.

आणि दुसरी गोष्ट, जी नवीन माणसाला कोणी सांगत नाही: बऱ्याच गाड्यांत तुम्ही हीटर लावा किंवा लावू नका, इंजिनाचं गरम पाणी हीटर कोरमधून, म्हणजे त्या दोन नळ्यांना जोडलेल्या डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून, कायम फिरतच असतं. डॅशबोर्डवरचं बटण फक्त हवेची झडप फिरवतं. म्हणजे वर्षभर हीटर न लावताही कोर फुटू शकतो, आणि फुटला की उकळतं कूलंट शेजारी बसलेल्या माणसाच्या पायावर येतं.

एस्टीम किंवा जिप्सीत बलेनोचं १.६, झेनमध्ये एस्टीमचं १.३, जुन्या जीपमध्ये दुसरंच डिझेल, किंवा आहे त्याच इंजिनावर टर्बो असं काही पहिल्यांदा करत असाल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे. गॅरेजात हीटर कोरला ‘हीटर कॉइल’ किंवा ‘हीटरचा रेडिएटर’ म्हणतात. दुकानात तसंच मागा. एसीची कूलिंग कॉइल वेगळी, ती चुकून घेऊन येऊ नका.

कामाला हात घालण्याआधी कागदांचं बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरची माहिती बदलेल असा बदल परस्पर करता येत नाही. इंजिन नंबर आरसीवर असतो. आरटीओत आधी विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा, मग पाना हातात घ्या.

कोर फुटतो कशामुळे

हीटर कोर म्हणजे डॅशबोर्डच्या पोटात बसवलेला वहीएवढा रेडिएटर. आतल्या नळ्यांची भिंत फार पातळ असते, कारण उष्णता पटकन बाहेर जायला हवी. जुन्या गाड्यांत तो तांबे-पितळेचा आणि डाग देऊन जोडलेला असायचा, नंतरच्या गाड्यांत अॅल्युमिनियमचा. कंपनीने तो मूळ इंजिनाचा पाण्याचा पंप, मूळ रेडिएटर कॅप आणि मूळ वायरिंग धरून बनवला. तुम्ही इंजिन बदललंत की ही तिन्ही गणितं बदलतात आणि सगळ्यात पातळ पत्रा आधी हार मानतो. म्हणून कोर फुटल्यावर नुसता नवीन कोर टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. दुसराही त्याच वाटेने जातो. दोष बहुतेक वेळा बोनेटखाली असतो: जास्त दाब, जास्त वेग, भरकटलेली वीज किंवा वाईट पाणी. कोकणात मी भरकटलेल्या विजेला पहिला नंबर देईन. का, ते पुढे.

डॅशबोर्ड उघडा आहे तोवरच

कोरची किंमत फार नसते, तो बदलायची मजुरी मारते. स्टिअरिंग खाली, डॅशबोर्ड बाहेर, शिवाय हीटर आणि कूलिंग कॉइल एकाच खोक्यात असतील तर एसीचा गॅसही काढायला लागतो. स्वॅपच्या वेळी वायरिंगसाठी डॅशबोर्ड तसाही उघडलेला असतो. त्याच वेळी कोर बाहेर काढून तपासा.

तपासणी सोपी आहे. एका नळीला बूच लावा, दुसरीला रबरी नळी जोडून गेज असलेला सायकलचा पंप लावा आणि कोर पाण्याच्या बादलीत बुडवा. कॅपवर लिहिलेल्या दाबापेक्षा थोडा जास्त, म्हणजे १.१ ची कॅप असेल तर साधारण १.३ बार (१९ पीएसआयच्या आसपास) हवा भरा आणि दहा मिनिटं बुडबुडे बघा. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरने थेट हवा मारू नका. त्याच्या टाकीत सात-आठ बार असतात, चांगला कोरही तिथेच फुगेल. तांबे-पितळेचा कोर गळत असेल तर जुना रेडिएटरवाला डाग देऊन देतो. अॅल्युमिनियमच्या, प्लॅस्टिक टाकीच्या कोरला एपॉक्सी फासण्यात वेळ घालवू नका, नवीनच घ्या.

परत बसवताना कोरच्या कडेची स्पंजाची पट्टी नवीन लावा. ती नसेल तर कोर खोक्यात खडखडतो आणि नळीच्या सांध्याशी तडा जातो. आपल्याकडच्या दमट हवेत जुना स्पंज नुसता कुजून चिखल झालेला सापडतो.

आलेलं इंजिन आधी धुवा

कुर्ल्याहून असो नाहीतर कोल्हापूरहून, भंगारातून आलेलं इंजिन किती दिवस कोरडं पडून होतं ते कोणालाच माहीत नसतं. ब्लॉकच्या आत गंजाचा थर, वाळलेलं कूलंट, आधीच्या मालकाने टाकलेली लीकेज बंद करायची पावडर, सगळं असतं. कधीकधी हळदही. गळका रेडिएटर हळद घालून बंद करायची आपल्या ड्रायव्हर मंडळींची युक्ती तात्पुरती चालते, पण कोरच्या बारीक नळ्यांत ती जाऊन बसली की निघत नाही.

म्हणून पहिलं पाणी कोरमधून फिरवूच नका. इंजिनाचे हीटरचे दोन्ही तोंड एका तात्पुरत्या होजने एकमेकांना जोडा, साध्या पाण्यावर इंजिन गरम होईपर्यंत चालवा, थंड झाल्यावर काढा. बाहेर येणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत हेच. शेवटचं धुणं मात्र डिमिनरलाइझ्ड (क्षार काढलेल्या) पाण्याने करा, म्हणजे नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्याचा अंश आत राहणार नाही. मगच कोर जोडा.

कॅपवरचा आकडा आणि पंपाचा जोर

जपानी पद्धतीच्या रेडिएटर कॅपवर ०.९ किंवा १.१ लिहिलेलं दिसतं, काहींवर ८८ किंवा १०८. गोष्ट एकच, एकके वेगळी. बऱ्याच युरोपीय गाड्यांत १.४ किंवा त्याहून वरची कॅप असते. आता १.४ वाल्या गाडीचं इंजिन त्याच्या टाकी-कॅपसकट ०.९ वाल्या जुन्या गाडीत टाकलंत, तर तो सगळा वाढीव दाब पंचवीस वर्षांच्या जुन्या कोरवर आला. नियम साधा ठेवा: सिस्टिममधला सगळ्यात कमजोर भाग ज्या दाबाचा, कॅप त्या दाबाची. इंजिन तापतंय म्हणून जास्त दाबाची कॅप लावणं हा उपाय नव्हे. रेडिएटर मोठा घ्या, पंख्याचं आवरण नीट बसवा.

कॅप फक्त रेडिएटरच्या तोंडापाशचा दाब सांभाळते. वॉटर पंपाच्या पुढच्या बाजूला, जिथून हीटरचा होज निघतो, तिथे पंपाचा स्वतःचा जोर त्यात मिळतो. आणि हा जोर आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ३५०० वरून ७००० वर गेलात की पंपाचा जोर दुप्पट नाही, चौपट. रोज चार हजाराच्या आत फिरणाऱ्या गाडीचा कोर वर्षानुवर्षं टिकतो आणि तीच गाडी वर ओढायला लागलात की एका मोसमात गळतो, त्याचं हे एक मोठं कारण. जोराने वाहणारं पाणी अॅल्युमिनियमला आतून घासतं, विशेषतः आत शिरण्याच्या वळणाशी. पाण्यात गंजाचे कण असतील तर आणखी लवकर.

यावर उपाय म्हणजे रिस्ट्रिक्टर: होजच्या आत घट्ट बसणारा, मधोमध भोक असलेला तुकडा. काही कंपन्या आपल्या गाड्यांतही असे बसवत आल्या आहेत. लेथवाल्याकडून पितळेचा किंवा स्टेनलेसचा करून घ्या, साध्या लोखंडाचा नको. १६ मिलिमीटरच्या होजसाठी ८ ते १० मिलिमीटर भोकापासून सुरुवात करा. तो कोरकडे जाणाऱ्या होजमध्ये, इंजिनाच्या बाजूला बसवा, कोरपासून किमान वीतभर लांब. कोरच्या अगदी तोंडाशी ठेवलात तर भोकातून निघणारी धार थेट आतल्या पत्र्यावर बसेल. बाहेरून त्यावर एक क्लिप आवळा, नाहीतर तो सरकत सरकत तिथेच पोहोचेल. परतीच्या होजमध्ये रिस्ट्रिक्टर टाकणं म्हणजे उलटं काम, कोरमधला दाब वाढतो.

इथे एक अडचण येते. काही इंजिनांत थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरचा रस्ता उघडणारी झडप) बंद असताना पाणी फिरत राहायला हीटरचाच रस्ता वापरलेला असतो. तो रस्ता फार आवळला तर थर्मोस्टॅटपर्यंत गरम पाणी उशिरा पोहोचतं आणि तापमानाचा काटा खालीवर नाचतो. तुमचं इंजिन तसं असेल तर फायरवॉलच्या अलीकडे जाणारा आणि येणारा होज दोन टी (तीन तोंडांचे जोड) लावून एकमेकांना जोडा आणि रिस्ट्रिक्टर फक्त कोरच्या फांदीत ठेवा. बरंचसं पाणी बाहेरच्या बाहेर फिरेल, कोरला हवं तेवढंच मिळेल. चार तोंडांचा हीटर व्हॉल्व्ह मिळाला तर तोही हेच काम करतो. बंद केल्यावर इंजिनाकडचा फेरा चालू राहतो. दोन तोंडांचा साधा व्हॉल्व्ह वापरलात तर तो जाणाऱ्या होजवरच हवा. परतीवर लावून बंद केला तर कोर पूर्ण दाबाखाली नुसता उभा राहतो.

इंजिन शांत चालत असतानाही होज दगडासारखे कडक होत असतील आणि थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटभरात कॅपखाली बुडबुडे येत असतील, तर रिस्ट्रिक्टरचा विचार सोडा. हेड गॅस्केट गेलंय. सिलिंडरमधला दाब पाण्यात शिरतोय, त्यापुढे कुठलाच कोर टिकणार नाही.

होज

नवीन इंजिनाची तोंडं आणि जुन्या कोरच्या नळ्या एकाच मापाच्या निघतील ही आशा सोडा. १६ आणि १९ मिलिमीटर ही नेहमीची मापं. १६ चा होज तेल लावून १९ वर चढवणं किंवा १९ चा होज १६ वर क्लिपने चेपून बसवणं, दोन्ही प्रकार मी बघितले आहेत आणि दोन्ही रस्त्यात सुटतात. मधे रिड्यूसर (दोन मापांचे होज जोडणारा तुकडा) टाका. होज हीटरचाच ईपीडीएम रबराचा घ्या. बागेचा पाइप नको, पेट्रोलचा होज नको.

इंजिन जोर लावताना माउंटवर हलतं. होज ताणून बसवला असेल तर प्रत्येक वेळी तो कोरच्या नळीला हिसका देतो. म्हणून तीन-चार सेंटिमीटर सैल ठेवा, आणि फायरवॉलपासून वीतभर अंतरात होज बॉडीला पी-क्लिपने बांधा. हिसका क्लिपवर थांबेल, कोरपर्यंत जाणार नाही. टर्बोचा डाउनपाइप (गरम धूर खाली नेणारी नळी) बहुधा याच कोपऱ्यातून जातो. त्याच्यापासून होज चार बोटं तरी लांब आणि वर उष्णतेचं आवरण.

क्लिपांबद्दल कोकणाचं म्हणून एक सांगतो. ‘स्टेनलेस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ क्लिपांची पट्टीच स्टेनलेस असते, स्क्रू साध्या लोखंडाला मुलामा दिलेला. खाऱ्या वाऱ्यात एका पावसाळ्यात स्क्रू गंजून जाम होतो. डब्ल्यू-४ शिक्का असलेली क्लिप मागा, ती पूर्ण स्टेनलेस असते. आवळताना बेताने. कोरची अॅल्युमिनियमची नळी सहज चेपते आणि चेपलेली नळी पुन्हा गोल होत नाही. जुना होज काढतानाही पिळून ओढू नका, ब्लेडने लांबीत चिरून काढा. होजची किंमत कोरच्या नळीपुढे काहीच नाही.

अर्थची वायर: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

इंजिन रबराच्या माउंटवर बसतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते बॉडीपासून तुटलेलं असतं. त्याला बॅटरीच्या मायनसशी जोडते ती अर्थची जाड पट्टी. स्वॅपमध्ये ही पट्टी विसरली जाते, किंवा जुनी, हिरवी पडलेली तशीच लावली जाते, किंवा रंगावरच बोल्ट मारला जातो. मग स्टार्टर शंभराहून जास्त अँपिअर मागतो तेव्हा परतीसाठी वीज मिळेल तो रस्ता धरते: अॅक्सिलरेटरची केबल, गिअरची केबल, आणि कूलंट. रेडिएटरचा पंखा, पेट्रोल पंप, जास्त वॅटचे दिवे यांची अर्थ कच्ची असेल तर हेच, फक्त हळूहळू. कूलंटमधून वाहणारी वीज अॅल्युमिनियम खाते. कोरवर सुईच्या टोकाएवढी भोकं पडलेली दिसली, बाकी कोर स्वच्छ असला, तर पहिला संशय इथेच घ्या.

आता हर्णै, देवगड, वेंगुर्ला असल्या ठिकाणी गाडी दारात उभी राहते तिथे बघा. वाऱ्याबरोबर मीठ येतं, पावसाळ्यात हवा सतत ओली. उघड्या तांब्याच्या विणलेल्या पट्टीत मीठ शिरतं, आतून हिरवं कीट धरतं आणि बाहेरून पट्टी धडधाकट दिसत राहते. पुण्यात दहा वर्षं चालणारी पट्टी इथे त्याच्या निम्मीही चालेल याचा भरवसा नाही.

काम असं करा. बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिन ब्लॉक किंवा गिअरबॉक्सपर्यंत एक वायर, ब्लॉकपासून बॉडीपर्यंत दुसरी, आणि बॅटरी मायनसपासून बॉडीपर्यंत तिसरी. लहान पेट्रोल इंजिनाला २५ चौरस मिलिमीटर जाडी पुरते. डिझेल असेल किंवा बॅटरी डिकीत नेली असेल तर ३५ किंवा जास्त. वायर शक्यतो कल्हई केलेल्या तांब्याची घ्या, बोटींच्या वायरिंगला वापरतात ती. मिरकरवाड्यासारख्या बंदरात ट्रॉलरचं इलेक्ट्रिकचं काम करणाऱ्यांकडे चौकशी केलीत तर ती कुठे मिळते ते कळेल. लग (वायरच्या टोकाची बोल्टची कडी) चेपून बसवलेला हवा, वर चिकट अस्तर असलेली उष्णतेने आवळणारी नळी. जिथे बोल्ट बसणार तिथला रंग खरवडून पत्रा चमकेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, आवळा, आणि मग वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस फासा. आधी ग्रीस लावून मग आवळणारे असतात. त्यांना नम्रपणे बाजूला करा.

कोरलाच वेगळी अर्थ वायर लावायचा सल्ला कोणी देईल. मी लावत नाही. कोर तसा रबरी होजच्या आणि स्पंजाच्या मधे तरंगत असतो. त्याला अर्थ दिली की भरकटलेल्या विजेला तिथून जायला सोयीचा रस्ता मिळतो. दोष जिथे आहे तिथे दुरुस्त करा.

कूलंट आणि पाणी

रंगावर जाऊ नका. हिरवं, लाल, निळं हे रंग कंपनीच्या मर्जीचे, त्यांचा कुठलाही नियम नाही. डब्यावर आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ हे कूलंटचं मानक लिहिलेलं बघा आणि इंजिनाच्या कंपनीने सांगितलेल्या प्रकाराचंच घ्या. दोन प्रकार मिसळले तर त्यातली गंजरोधक द्रव्यं एकमेकांना मारतात, काही वेळा आत चिकट गाळही धरतो, आणि गाळ आधी हीटर कोरमध्येच बसतो.

आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असं म्हणून पाण्यावर गाडी चालवणारे अजून आहेत. इथे कूलंट पाणी गोठू नये म्हणून नाही, गंज थांबवण्यासाठी आणि उकळबिंदू वाढवण्यासाठी घालायचं. चाळीस ते पन्नास टक्के ठेवा. त्याहून फार पातळ केलंत तर गंजरोधकं अपुरी पडतात.

विहिरीचं पाणी नको. किनाऱ्यालगतच्या विहिरींत उन्हाळ्यात मचूळपणा येतो तो खाऱ्या पाण्याचा, आणि क्लोराइड अॅल्युमिनियमला टोचून टोचून भोकं पाडतं. जांभ्यातलं पाणी पिऊन गोड लागत असलं तरी त्यात काय आहे ते तुम्ही मोजलेलं नाही. तयार मिसळलेलं कूलंट घ्या, नाहीतर डिमिनरलाइझ्ड पाणी. बॅटरीच्या दुकानात मागताना ‘बॅटरीचं पाणी’ एवढंच म्हणू नका. काही ठिकाणी त्या नावाने अॅसिड हातात ठेवतात. बाटलीवरचं लेबल वाचून घ्या.

हवा काढणे

हीटर कोर बहुतेक गाड्यांत उंचावर असतो, त्यामुळे हवा तिथेच अडकते. अडकलेल्या हवेमुळे कोर अर्धा कोरडा राहतो, कडेला वाफ धरते, गंज लागतो. आपल्याकडे चढाला तोटा नाही. गाडीचं तोंड चढाच्या वरच्या बाजूला करून उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकामागे जांभ्याचा चिरा लावा. थंड इंजिनावर कॅप उघडा, हीटरचं बटण पूर्ण गरमवर, ब्लोअर हळू. कूलंट भरून इंजिन चालू करा, होज हाताने दाबत राहा, पातळी उतरेल तसं भरत जा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते. भरा, कॅप लावा. ब्लोअरमधून गरम वारा येतोय आणि डॅशबोर्डमागे खळखळ नाही, म्हणजे झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी, पूर्ण थंड असताना, पुन्हा पातळी बघा. थोडी उतरलेली असतेच.

होजची बाजू ठरवताना कंपनीने दिलेली दिशा पाळा. ती कळत नसेल तर खालच्या नळीतून पाणी आत आणि वरच्या नळीतून बाहेर, म्हणजे हवा आपोआप निघते.

आता मल्टीमीटर लावा

डिजिटल मल्टीमीटर डीसी व्होल्टवर, कमी रेंजवर ठेवा. इंजिन थंड असताना कॅप उघडा. काळी वायर बॅटरीच्या मायनसला, लाल टोक कूलंटमध्ये, धातूला न टेकवता. सगळं बंद असताना ०.१ व्होल्ट किंवा कमी आलं तर ठीक. अॅल्युमिनियमच्या कोरला ०.३ च्या आसपासचा आकडा धोक्याचा. मग एकाला स्टार्टर मारायला सांगा आणि आकडा बघा. मग इंजिन चालू ठेवून दिवे, पंखा, पेट्रोल पंप, ब्लोअर एकेक करून चालू करा.

सगळं बंद असतानाच आकडा जास्त असेल तर कूलंट संपलंय, त्यातली गंजरोधकं गेली, बदला. बंद असताना कमी पण स्टार्टरला उडी मारत असेल तर इंजिनाची अर्थ कच्ची. पंखा लावल्यावर वाढत असेल तर पंख्याची. अर्थची खात्री करायला काळं टोक बॅटरीच्या मायनसवर, लाल ब्लॉकच्या उघड्या धातूवर ठेवून स्टार्टर मारा. ०.२ व्होल्टच्या पुढे जात असेल तर पट्टी किंवा तिचे सांधे तपासा. ही मापं लिहून ठेवा. पावसाळ्याआधी एकदा आणि गणपती झाल्यावर एकदा पुन्हा घ्या. आकडा कुठे चाललाय ते कळतं.

मॅट ओली आहे, पण पाणी कुठलं?

कोकणात डाव्या बाजूची मॅट ओली व्हायला तीन कारणं असतात, आणि घाबरून डॅशबोर्ड उघडण्याआधी ती वेगळी करा. एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली की ते आत येतं. आपल्या दमट हवेत हे पाणी लोटीभर निघतं. ते स्वच्छ असतं, वास नसतो, एसी बंद ठेवला की थांबतं. वायपरखालच्या पन्हाळीत आंब्याची, काजूची पानं अडकून पावसाचं पाणी आत शिरतं. ते पावसातच येतं आणि मातकट असतं. कूलंट मात्र बोटाला चिकट लागतं, गोडसर वास येतो, काचेवर आतून तेलकट धुकं धरतं आणि पुसलं तर पसरतं. टाकीतली पातळी उतरत असेल तर शंका नको. चव घेऊन बघू नका, इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, आणि सांडलेलं तसंच ठेवू नका. गोडसर म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

कोरला व्हॉल्व्ह असेल आणि तो वर्षभर बंद असेल तर आत साचलेलं कूलंट शिळं होतं. पंधरवड्यातून एकदा दहा मिनिटं हीटर पूर्ण गरमवर चालवा. मे महिन्यातही. काचा उघड्या ठेवा.

घाटात फुटला तर

गाडीत एक छोटी पिशवी ठेवा: १६ मिलिमीटरचा, दोन्ही टोकांना कंगोरे असलेला जोडणीचा तुकडा (तुमचे होज १९ चे असतील तर त्या मापाचा), यू-आकाराचा होज, चार क्लिपा, स्क्रू-ड्रायव्हर, ब्लेड, हातमोजे, दोन लिटर तयार कूलंट.

अंबा घाटात किंवा फोंडा घाटात आतून वाफ आली तर काचा खाली करा, गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा आणि शेजारच्याला पाय वर घ्यायला सांगा. अर्धा तास तरी थांबा. कॅपला हात लावायचा नाही, कितीही घाई असली तरी. थंड झाल्यावर फायरवॉलजवळचे दोन्ही होज काढून एकमेकांना जोडा, कूलंट भरा, हवा काढा. कूलंट कमी पडलं तर वहाळाचं पाणीसुद्धा चालेल. घरी पोहोचल्यावर मात्र सगळं काढून धुवून नवीन भरायचं. काटा बघत, कमी आरपीएमवर, हळू उतरा.

हाच फेरा कायमचा ठेवायचा मोह होतो. एसी चांगला असेल तर काचेचं धुकं एसीवरही जातं, तेव्हा कायमचा बायपास करायला माझी हरकत नाही. पण दोन्ही तोंडांना बूच मारू नका. ज्या इंजिनाला हीटरच्या रस्त्याने पाणी फिरायला हवं असतं ते बूच मारल्यावर एखाद्या कोपऱ्यात तापत राहतं आणि काट्यावर दिसत नाही. यू-होजने जोडाच, आणि कोरमध्ये राहिलेलं पाणी हलक्या हवेने फुंकून काढा, नाहीतर ते आतच कुजत बसेल.